मालक मागे सरला तर

कळसाडी, ३ नोव्हेंबर १९५८
माझ्या खेळाची नोंद राहायला हवी, म्हणून आजपासून रोजनिशी. गोणपाटावर कोळशाने घरं आखली. दान टाकायला कवड्या. प्रत्येकाला मातीचा एक शिपाई आणि सोबत एक जनावर: कुत्रा नाहीतर अस्वल. सगळे नियम माझे. समोरच्या ओट्यावरचा चुलतभाऊ मोतीलाल, त्याला समजावता समजावता घसा बसला.

५ नोव्हेंबर
भांडण. माझा शिपाई मागे सरला, पण कुत्रा लढत राहिला आणि मोतीलालचं अस्वल मेलं. तो म्हणतो, मालक पळाल्यावर जनावर कशाला लढेल? मी म्हटलं, एकदा ऑर्डर दिली की जनावर मरेपर्यंत लढतं, नियमच आहे. "कोना नियम शे हाऊ?" म्हणाला. कोणाचा म्हणजे? माझाच. पंच शेजारचा उदेसिंग. तो तंबाखू मळत बसला.

८ नोव्हेंबर
उदेसिंगच्या उसात रानडुक्कर शिरलं. उभा ऊस आडवा केला. मी चारचौघांत सांगितलं, मी आणि आमचा कुत्रा वाघ्या बघून घेतो. नियमही सिद्ध होईल. जसोदाने आतून ऐकलं. जेवताना म्हणाली, "हाऊ खरा कुत्रा शे. मातीना नई." बायकोला खेळातलं काही कळत नाही.

९ नोव्हेंबर
वाघ्याचं ट्रेनिंग. "बस" म्हटलं, उभा राहिला. "हल्ला" म्हटलं, शेपटी हलवली. "अटॅक" म्हणून पाहिलं. जांभई दिली. जातिवंत जनावर ऐनवेळीच पेटतं. उद्या पहाटेपासून जोरात.

१० नोव्हेंबर
थंडी फार. उठलो नाही. उगाच जनावर थकवण्यात अर्थ नाही.

१२ नोव्हेंबर, दुपार
आज दिवस मावळताना जायचं. भाला घासला. पोट बरं नाही, गवार बाधली असणार. मोतीलाल म्हणाला, "मी बी येस." नको म्हटलं. तिसरा कोणी आला की प्रयोग बिघडतो.

१३ नोव्हेंबर
काल ऊस मोडल्याचा आवाज आला. मग सुळे दिसले. मी ऑर्डर दिली. म्हणजे तोंड उघडलं होतं. शब्द निघाला की नाही, आठवत नाही. वाघ्या त्याआधीच गेला होता.
मी जागा बदलली. बांधावरच्या कडुनिंबावरून सगळं नीट दिसतं. भाला खाली राहिला. वाघ्या डुकराला माझ्याकडे येऊ देत नव्हता. मी वरून हाका मारत होतो, कोणाला ते माहीत नाही.
मोतीलाल न सांगता मागून आला होता. टेंभा घेऊन सरळ अंगावर धावला. डुक्कर तापीकडे पळालं. वाघ्याची कूस फाटली होती. मोतीलालने फेटा सोडून जखम बांधली आणि त्याला खांद्यावर घरी आणलं. टेंभा मी धरला.

१६ नोव्हेंबर
जसोदा जखमेवर हळद भरते, रात्री त्याच्याजवळच झोपते. आज वाघ्या पाणी प्यायला. मोतीलालला म्हटलं, बघ, मालक मागे सरला तरी जनावर लढलं. वाद मी जिंकलो.
त्याने वाघ्याचं पाण्याचं भांडं भरून ठेवलं. "हा. तूच जिकना," म्हणाला, आणि उठून गेला.

२९ नोव्हेंबर
वाघ्या आज स्वतः चालला. ओट्यावरून हाक मारली. त्याने माझ्याकडे पाहिलं, शेपटीही हलवली. मग लंगडत रस्ता ओलांडून मोतीलालच्या ओट्यावर जाऊन झोपला. जसोदाने त्याची भाकर तिकडे नेली. बराच वेळ तिथेच गप्पा मारत बसली. माझं ताट मी वाढून घेतलं.