माझ्या हातची कवळी

१४ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. मोठी आहे, म्हणून द्यावे लागतात.

तुझं पत्र पोचलं. माझी तब्येत बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण ऐकून घ्यायला घरात कोणी नाही हे त्यांनाही कळलंय.

पत्रात तू अजून "भावजी" लिहितेस. माझ्या नवऱ्याबरोबर तीन वर्षं संसार केलास, तरी नातं बदलायला सवड झाली नाही वाटतं. तर भावजींचं ऑपरेशन अडलंय, कारण कागदोपत्री ते मेलेले आहेत. तेव्हा ताईने पोलिसांना लिहून द्यावं, की दुःखाच्या भरात ओळखण्यात चूक झाली. मजकूरही तूच पाठवलास. शाळेत तुझे निबंध मी लिहायचे, त्याची परतफेड असावी.

आता ऐक. ते घरातून गेले तेव्हा मी खुळ्यासारखी नवरा हरवल्याची तक्रार देऊन आले. तू बदलीच्या गावी जाते म्हणून सांगितलं होतंस, मी डबाही बांधून दिला होता. मग तुझ्या मैत्रिणीच्या तोंडून निसटलं, की तिथे तू एकटी नाहीस.

त्याच आठवड्यात पोलिसांनी बोलावलं. कालव्यात एक प्रेत सापडलं होतं. चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला. हवालदाराने ट्रे पुढे केला. "बाई, तुम्ही कवळ्या करायच्या ना? बघा, तुमच्या हातची आहे का."

ह्यांची कवळी मी जीव ओतून केली होती. पुढचा एक दात किंचित तिरका ठेवला होता, खरा वाटावा म्हणून. आणि ट्रेमधली ती! दात कवायतीला उभे केल्यासारखे, कडा घासलेल्या नाहीत, हिरड्यांचा रंग बाहुलीच्या गालांसारखा. असलं गचाळ काम मी उभ्या जन्मात केलं नाही.

मी म्हटलं, "हो, माझ्याच हातची."

चूक नव्हती ती. मला तो मेलेला हवा होता. तुमच्या कानावरही आलं असणार, पण तुम्ही दोघं गप्प बसलात. मेलेल्या माणसाला कोणी शोधत नाही, हे तुमच्याही सोयीचंच होतं.

परवा एक म्हातारी दारात आली. तिचा मुलगा तेव्हापासून बेपत्ता आहे. कालव्यातलं प्रेत माझ्या नवऱ्याचं होतं असं तिला ठाण्यात सांगितलं, तरी ती खात्री करायला आली. म्हणाली, "नवी कवळी बसवली होती त्याने. लोक हसतात म्हणून बोलताना तोंडावर हात धरायचा." अजून रोज त्याचं ताट झाकून ठेवते ती. मी तिला पाणी दिलं. जिभेवर आलेलं गिळलं. ती माझे आभार मानून गेली.

तेव्हापासून मला घास उतरत नाही.

उद्या ठाण्यात जाते आहे. तुझा मजकूर नेणार नाही. मी खोटं बोलले, ठरवून बोलले, असं लिहून देणार. शिक्षा होईल ती होवो. म्हातारीला तिचा मुलगा मिळेल, आणि जाता जाता भावजींचं ऑपरेशनही होईल. फॉर्मवर पत्नीची सही लागली तर मला कळव. जिवंत झाला, की तो पुन्हा माझा नवरा. त्याला सोडायचं की नाही, ते मी ठरवीन.

तुझी ताई,
उद्या सकाळपर्यंत त्याची विधवा