चौथ्या कडव्याची झील

रत्नागिरी,
९ जुलै २०२४

चि. प्रथमेश यास,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

तुझ्या ‘कातळ’ बँडच्या पहिल्या अल्बमची कच्ची प्रत मोबाइलवर पोहोचली. फोनवर अभिप्राय देणे मला जमत नाही. बोलता बोलता माणूस नको तितका सौम्य होतो. म्हणून हे पत्र.

कंट्री रॉक म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी मी त्या प्रकारची मूळ इंग्रजी गाणी लक्षपूर्वक ऐकली. गावाकडची साधी गोष्ट, गिटार, मागे ड्रमची चाल. आणि प्रत्येक शब्द स्पष्ट. तुमचे शब्द ऐकू येत नाहीत. तुमच्या वेदिकाला सांग की ड्रम हे साथीचे वाद्य आहे, दरवाजा फोडण्याचे साधन नव्हे. तू स्वतः ‘ळ’ खातोस. मंडणगडच्या घराण्यात हे शोभत नाही. पोलादी तारांवरून घसरत जाणारी ती गिटार मात्र मला पटली. उघड्या कातळाच्या सड्यावर भर दुपारी वारा असाच सुटतो.

आता मुख्य मुद्दा. ‘सड्यावरची वाट’ हे पाचवे गाणे माझ्या आईचे, म्हणजे तुझ्या आजीचे आहे. त्यापुढे तुम्ही ‘पारंपरिक’ असे लिहिले आहे आणि चौथे कडवे गाळले आहे. आपल्या गावच्या गायन पार्टीत रचणाऱ्याचे नाव शेवटच्या कडव्यात येते. ते गाळले की गाणे बेवारस होते. आईला लिहिता येत नव्हते. तिने स्वतःच्या हाताने कुठे आपले नाव ठेवले असेल, तर ते त्या कडव्यात. कडवे परत घ्या, नाहीतर गाणे काढून टाका. तिसरा पर्याय मी ठेवलेला नाही.

रागावले आहे, पण लोभ जागेवर आहे. तुझाही असू दे.

तुझी आते,
करुणा


मुंबई,
१८ जुलै २०२४

ती. आतेस,
सविनय जयभीम.

तुझं दरवाजाचं वाक्य वेदिकाने कागदावर लिहून ड्रमवर चिकटवलंय. आता म्हणते, या बाईंना भेटायचंच.

‘पारंपरिक’ लिहिलं ही माझी चूक, कबूल. पण चौथं कडवं मी कापलं नाही गं, मला ते येतच नाही. बाबा दाढी करताना तीनच कडवी म्हणायचे. पुढचं म्हणा म्हटलं, की सांगायचे, ते एकट्याने म्हणायचं नसतं, करुणा आली की म्हणू. तू आलीस की कोणाचं काय चुकतं यावरून तुमची दोघांची जुंपायची आणि कडवं राहून जायचं. आता बाबा नाहीत. ते फक्त तुझ्याकडे उरलंय.

महिनाअखेरीस अल्बम पक्का होईल. मग त्याला हात लावता येणार नाही. तू स्टुडिओत ये, नाहीतर आम्ही चौघं माईक घेऊन रत्नागिरीला येतो. तू नाही म्हणालीस तर गाणं काढतो, पण मग आजी अल्बममधून पुरतीच जाईल. गाशील ना?

माया पातळ करू नकोस.

तुझा ळ-खाऊ,
प्रथमेश


रत्नागिरी,
२४ जुलै २०२४

चि. प्रथमेश यास,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

विनोदने, तुझ्या बाबाने, तुला सांगितले ते खरे आहे. त्या कडव्यात मुख्य गाणारा नावापाशी येऊन थांबतो आणि मागचे साथीदार ते नाव उचलतात. याला आम्ही झील धरणे म्हणतो. आपल्या माणसाचे नाव आपण मिरवायचे नसते, ते दुसऱ्याच्या तोंडून यावे लागते. घरी मी गात असे आणि विनोद झील धरत असे. चुलीपाशी बसलेली आई तेवढ्यापुरती मान वर करी.

विनोद गेल्यापासून मी गायलेले नाही. या घरात आवाज काढला तर तो समोरच्या भिंतीवरून जसाच्या तसा परत येतो. कोणी त्यात काही घालत नाही.

तुम्ही येऊ नका. चार पाहुण्यांचे आता माझ्याने होत नाही, आणि मुंबई मला सोसत नाही. काल खिडक्या लावून घेतल्या आणि कडवे म्हणून मोबाइलवर रेकॉर्ड केले. ते सोबत पाठवते. आवाज म्हातारा आहे, सूर खरा आहे.

गेला त्याची हीच वाट,
आला त्याची हीच वाट,
बसल्या जागी जुळवून सांगते...

इथे मी थांबले आहे. पुढे नुसती शांतता आहे. तिच्यात वाद्य घालू नका आणि ती कापूही नका. ती विनोदची जागा आहे. नाव गाण्यात येणार नाही, हे मला कळते. तरी ते मी घेणार नाही. कव्हरवर तेवढे नीट छापा.

आठवण ठेवतोस, तशीच ठेव.

करुणा आते


मुंबई,
६ ऑगस्ट २०२४

ती. आतेस,
सविनय जयभीम.

अल्बम पक्का झाला. पाचव्या गाण्यापुढे आजीचं नाव, ‘शब्द आणि चाल : कालकथित चंपा’ असं छापलंय. तू येऊ नका म्हणालीस म्हणून आलो नाही. वेदिका म्हणते, आम्ही तुझं तेवढं ऐकायला नको होतं.

त्या जागेत वाद्य घातलेलं नाही. बाकी काही सांगत नाही. आधी ऐक, मग हवं तेवढं रागव.

तुझ्या पत्राची वाट बघणारा,
प्रथमेश


रत्नागिरी,
१४ ऑगस्ट २०२४

चि. प्रथमेश यास,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

अल्बम ऐकला. ‘ळ’ सुधारला आहे. माझ्या कडव्याआधी वेदिकाने ड्रम थांबवला. मुलीला तारतम्य आहे, तसे तिला कळव. दुसरे गाणे अजूनही लांबले आहे.

मी थांबल्यावर तू आजीचे नाव घेतोस. ते एक मात्रा उशिरा येते. हा मोबाइलचा दोष नाही. विनोद आयुष्यभर तेवढाच उशिरा येत असे आणि आमचे भांडण त्यावरूनच होत असे. तू त्याचे ऐकून हे उचलले असणे शक्य नाही, कारण तुझ्यासमोर ते कडवे आम्ही कधी पुरे म्हटलेच नाही. मी ते पुन्हा लावले आणि, सवयीने, त्याला रागवण्यासाठी मागे वळून पाहिले.

आता दुरुस्ती होत नाही, असे तू लिहिले होतेस. बरे झाले. होत असती तर मी ती करायला लावली असती.

पाऊस ओसरला की चौघेही या. मागची खोली झाडून घेतली आहे. नाव वेळेवर कसे उचलायचे ते तुला शिकवीन, आणि तुला ते कधीच जमू नये, अशी आशा बाळगते.

तुझी,
करुणा आते