माझ्या सवयींची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, अविवाहित, धंदा कोट शिवणे आणि दुसऱ्यांनी बिघडवलेले कोट नीट करणे, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे गेलेत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. मला कोणीही भरीस घातलेले नाही. उलट वकीलसाहेबच म्हणाले, "बाई, राग शांत होऊ द्या, मग करू." मी म्हटलं, साहेब, राग कधीच शांत झालाय. राग होता तोवर बरं होतं, आता नुसतं दुखतंय, म्हणून आलेय. तेव्हा त्यांनी कागद पुढे ओढला.

कलम १. याआधी मी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते एका वाक्याचे होते: माझे जे काही आहे ते सर्व माझ्या धाकट्या भावाला. आता ते तसे नाही. वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून आधीच स्पष्ट लिहिते. हा कागद मुख्यतः एवढ्यासाठी आहे की माझे दुकान माझ्या भावाच्या हाती जाऊ नये.

कलम २. भावाविषयी. मी त्याला धाकटा म्हणते, बाकी जग 'सर' म्हणते. नोकरीत वर कसे जावे, संसार कसा सांभाळावा, सकाळी उठून काय करावे, अशा यशाच्या सवयी तो मोठमोठ्या सभागृहांत शिकवतो. लोक तिकीट काढून येतात. बोलतो छान, हे मी नाकारत नाही. मलाही ऐकत राहावंसं वाटतं. दुःख तेच आहे, कारण तो जे बोलतो त्यातलं बरंचसं या दुकानातलं आहे.

आई गेली तेव्हा धाकटा शाळेत होता. बाबांनी खिडकीजवळच्या खुर्चीत जी बैठक मारली ती शेवटपर्यंत सोडली नाही. त्यांना कोणी दोष देऊ नये, माणूस खचला होता. पण घर कोणीतरी चालवायला हवं होतं. कॉलेज सोडून मी आईचं मशीन चालवायला घेतलं आणि त्यावर हे दुकान उभं केलं. धाकटा तेव्हा कसा होता ते आज त्याच्या सभागृहातल्या लोकांना सांगितलं तर ते मला वेड्यात काढतील. सकाळी उठायचा नाही. परीक्षा आली की पोटात दुखायचं. पहिल्या नोकरीतून काढून टाकलं तेव्हा आठवडाभर पांघरूण तोंडावर ओढून पडून होता. मी त्याला उपदेश केला नाही, मला तेवढा वेळच नव्हता. ओढून दुकानात आणलं आणि समोर बसवलं. म्हटलं, काही करू नकोस, फक्त माझ्यासारखं वाग.

दुकानात आमच्या चार गोष्टी ठरलेल्या होत्या. उद्याचं पहिलं काम आजच सुईखाली लावून घरी जायचं, म्हणजे सकाळी काय करू काय नको असं होत नाही आणि आळसाला शिरायला फट राहत नाही. चूक दिसली की तिथल्या तिथे उसवायची, 'पुढे बघू' म्हणायचं नाही. राग आला की आधी कात्री खाली ठेवायची, मग तोंड उघडायचं. आणि कोणाच्या कामात खोट दिसली तर गिऱ्हाईक गेल्यावर, दार लावून, कोट उलटा करून, अस्तराकडून दाखवायची. चारचौघांत कधीही नाही. माणसाची खोट त्याच्या एकट्याच्या कानावर घालायची, हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा नियम. यात मोठं तत्त्वज्ञान काही नाही. ज्यांना रोज काम संपवायचं असतं ते सगळे असंच वागतात.

धाकटा वागू लागला आणि सुधारला. नोकरी लागली, बढती मिळाली, दुसऱ्यांना शिकवायला लागला, मग तोच धंदा झाला. मला अभिमान वाटायचा. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी सांगायचे, माझा भाऊ आहे तो. माझ्याकडे काजबटणं करणारी काजवाली कंटाळून म्हणायची, "बाई, आता त्यांना माप तरी घेऊ द्या."

कलम ३. सभागृहातला प्रकार. हे कायद्याने लिहायची गरज नाही असे वकीलसाहेब म्हणतात. मला आहे.

मागच्या वर्षी धाकट्याने मला प्रथमच पास पाठवला. त्याच्यासाठी नवा राखाडी कोट मीच शिवला होता, तो घालून तो वर उभा होता. खांदे असे बसले होते की विचारू नका. त्याने सुरुवात केली बाबांपासून. म्हणाला, "माझे वडील रोज संध्याकाळी मला सांगायचे, उद्याचं पहिलं काम आजच लावून ठेव." मला आधी वाटलं माझ्याच ऐकण्यात चूक झाली. मग उसवण्याची गोष्ट बाबांची झाली. कात्रीची गोष्टही बाबांची झाली. अहो, बाबांनी उभ्या आयुष्यात कात्रीला हात लावला नव्हता, नखंसुद्धा मी कापून द्यायचे. तरी मी मनाची समजूत घातली. म्हटलं, जाऊ दे, मेलेल्या माणसाचं भलं होतंय.

मग तो म्हणाला, "आता याच्या उलट उदाहरण. माझ्याच घरात एक व्यक्ती आहे. हुशारी माझ्यापेक्षा जास्त, हातात कला आहे. पण तीच खुर्ची, तीच खिडकी, तेच मशीन, पन्नास वर्षं! वाढायचंच नाही असं ठरवून बसलेली. घरी गेलात की आरशात बघा आणि स्वतःला विचारा, आपण ती तर होत नाही ना?" आणि त्याने मशीन चालवणाऱ्या बाईची नक्कल केली. पाठ वाकवून, चष्मा नाकावर ओढून, पाय हलवत. लोक खदखदून हसले. माझ्या शेजारची बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "असतात हो अशी माणसं घरोघरी."

शेवटी सगळे टाळ्या वाजवायला उभे राहिले. सगळे उठले म्हणून मीही उठले. टाळ्याही वाजवल्या. त्याची मला अजून लाज वाटते.

बाहेर तो धावत आला. "ताई! कसं झालं?" त्याच्या डोळ्यांत तीच शाळेतली चमक होती. चारचौघांत बोलायचं नाही हा आमचा नियम, म्हणून म्हटलं, "डावा खांदा ओढतोय जरा. बोलताना वरचं बटण सोडत जा. आणि उद्या दुकानावर ये." तो खूश झाला.

दुसऱ्या दिवशी आला, पण एकटा आला नाही. मापं घेणारी दोन माणसं बरोबर होती. मला वाटलं कोटाची मापं. ती भिंतींची मापं घ्यायला लागली. धाकटा म्हणाला, "ताई, सरप्राइज! हे दुकान आता माझं केंद्र होणार. 'जिथे सगळं सुरू झालं'. मशीन हलवू, बाबांची खुर्ची काचेत ठेवू, इथे बसून लोक सवयी शिकतील. तू आता आराम कर." पत्रकसुद्धा छापून झालं होतं. मला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

मी त्या दोघांना बाहेर घालवलं, दार लावलं आणि काय खुपलं ते त्याला तोंडावर सांगितलं. तो हसला. म्हणाला, "अगं ताई, गोष्टीला एक वाईट उदाहरण लागतंच. लोकांना कुठे माहीत आहे ती तू आहेस?"

"मला माहीत आहे ना," मी म्हटलं. "आणि बाबा? बाबा कुठून आणलेस?"

"बाप लागतो ग. बहिणीने शिकवलं म्हटलं की लोक मान डोलावतात आणि विसरतात. बापाने म्हटलं की लिहून घेतात. मी काय करू?"

त्याने हे अगदी सरळ मनाने सांगितलं. धंद्यातली खाचखोच सांगावी तसं. विश्वासाने मान पुढे केली आणि केसाने गळा कापला, हे मी नुसतं म्हणताना ऐकलं होतं, त्या दिवशी कळलं. मी कात्री खाली ठेवली. मग तोंडाऐवजी दार उघडलं.

कलम ४. दुकान. रस्त्याकडची खोली, मागची खोली, वरच्या दोन खोल्या, तिन्ही मशीन्स, कापायचं टेबल, इस्त्री, आरसा आणि मापाचे पुतळे, हे सर्व माझ्या स्वकष्टार्जित मालकीचे असून, ते पूर्ण हक्काने काजवालीला द्यावे. ती माझ्याकडे काजबटणं करायला आली आणि राहिली. गोड बोलणं तिला जमत नाही. सभागृहाची गोष्ट मी सांगितली तेव्हा ती फक्त "मेला" म्हणाली आणि चहा ठेवला. तिने दुकान चालवावे, भाड्याने द्यावे किंवा विकून टाकावे, कोणीही हरकत घेऊ नये. तिथे चपलांचं दुकान निघालं तरी चालेल. 'जिथे सगळं सुरू झालं' अशी पाटी मात्र कधीही लागू नये.

कलम ५. बँकेतली बचत धाकट्याच्या मुलीला, माझ्या भाचीला द्यावी. सभागृहातलं कळल्यावर तिने फोन करून विचारलं, "आत्या, बाबा म्हणाले ती तू आहेस का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "सॉरी." तिची काहीच चूक नव्हती. या घराण्यात तो शब्द कोणाला तरी येतो याचा आनंद आहे. पैसे तिने हवे तसे उडवावेत. भावजयीला माझी लोकरीची शाल. तिच्याशी माझं भांडण नाही, फक्त मी त्यांच्या घरात शिरताना ती माझ्या खांद्यावरचे दोरे वेचते ते मला आवडत नाही.

कलम ६. धाकट्याला बाबांची खुर्ची द्यावी. काचेत ठेवायची तर ठेवू दे. गादी मधोमध बसलेली आहे, त्यावरून बाबांनी तिथे काय केलं हे जाणत्याला कळेल.

कलम ७. सवयींची वाटणी. वकीलसाहेब म्हणाले, सवयी ना स्थावर ना जंगम, त्या देता येत नाहीत. मी म्हटलं, मग घेता तरी कशा आल्या? ते हसले आणि म्हणाले, लिहा. तर लिहिते. धाकट्याने त्या खुशाल वापराव्यात, शिकवाव्यात, त्यावर पोट भरावे. त्याने खरोखरच त्या अंगी बाणवल्या होत्या, त्यासाठी कष्ट घेतले होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मशीनवर बसलेल्या बाईची नक्कलही करू दे, पाठ माझी वाकलेलीच आहे. मी वाढले नाही असं त्याला वाटतं तर वाटो. एकाने बसून राहिल्याशिवाय दुसऱ्याला उठता येत नव्हतं, हे तेव्हा आम्हा दोघांनाही कळत होतं. तो विसरला.

कलम ८. माझ्यामागे माणसे जमतील तेव्हा धाकट्याने भाषण करू नये. ते चांगलं होईल याची मला खात्री आहे, लोक रडतील, आणि मला उत्तर देता येणार नाही. त्याने भाचीशेजारी बसावे. रडू आले तर रडावे, त्याला माझी मुळीच हरकत नाही.

कलम ९. हे कलम वकीलसाहेब सोडून कोणाला माहीत नाही, साक्षीदारांनाही नाही, आणि मी आहे तोवर त्यांनी ते कोणाला सांगू नये. धाकट्याची सगळी भाषणं फोनवर येतात. काजवाली लावून देते, मी काम करता करता ऐकते, एकही सोडत नाही. तिला वाटतं मी स्वतःला छळून घेते. तसं नाही. मी वाट बघते. माझ्या हयातीत त्याने कुठल्याही सभागृहात, अगदी चार माणसांपुढे, एकदा जरी म्हटलं की "हे मला माझ्या ताईने शिकवलं", तर हा कागद मी स्वतःच्या हाताने फाडणार आहे आणि दुकान त्याला देणार आहे. पाटी लावायची तर लावू दे, मशीन हलवायचं तर हलवू दे. काजवालीची सोय मी दुसरी करीन. ही अट त्याच्या कानावर कोणी घालू नये, सांगून म्हटलेलं मला नको.

हा कागद आज तुम्ही वाचत आहात, म्हणजे त्याने म्हटले नाही.

येणेप्रमाणे सर्व कलमे मी स्वतः वाचून, समजून, शुद्धीत सही केली आहे.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: चौदा मार्च

लिहून ठेवणार: कोटवाली (सही)

साक्षीदार १: समोरच्या औषध दुकानाचे मालक. यांनी सहीआधी चष्मा दोनदा पुसला. (सही)

साक्षीदार २: दाखला देणाऱ्या डॉक्टरीणबाई (सही)

काजवालीला मिळणार असल्याने तिला साक्षीदार होता येत नाही. ती बाहेर गिऱ्हाईक सांभाळते आहे.