फळीवरचे बारा जबडे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा कवळ्या बनवण्याचा, आज पूर्ण शुद्धीत, कोणीही हात धरून लिहायला न लावता, माझ्या पश्चात माझ्या वस्तूंचे काय करायचे ते लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला आमच्या दाताच्या डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. ते मेंदूचे डॉक्टर नाहीत हे मला कळते. पण "बाबांना आता काही समजत नाही" असे माझ्या मुलाने वर्षभरात इतक्या लोकांना सांगितले आहे, की कोणत्या तरी डॉक्टरने उलट लिहून देणे गरजेचे होते. यापूर्वीचे मृत्युपत्र मी फाडले आहे. ते फार प्रेमळ होते.

कलम १. माझ्या स्वकष्टाचे तीन खोल्यांचे घर माझा थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना मिळेल. दोघे सहा वर्षांपासून एकमेकांशी बोलत नाहीत. कारण एक फ्रीज. म्हणून वाटणी अशी: स्वयंपाकघर धाकटीचे, पुढची खोली आणि संडास-न्हाणीघर थोरल्याचे, मागची कामाची खोली सामाईक. दुसऱ्याच्या हिश्श्यात पाऊल टाकायचे तर त्याची तोंडी परवानगी घ्यावी लागेल. चिठ्ठी किंवा फोनवरचा मेसेज चालणार नाही.

कलम २. बँकेतील सर्व ठेव घरी झाडलोट करणाऱ्या बाईंना द्यावी. कारण कलम ६ मध्ये येईल. सुनेला हे ऐकताना घेरी आल्यास पाणी द्यावे, पण वाचन थांबवू नये.

कलम ३. मेणाच्या सुऱ्या, कोरण्या आणि जबडा उघडमीट करणारी दोन पितळी यंत्रे दाताच्या डॉक्टरांना. कवळीचे दात घासून गुळगुळीत करायची विजेची मोटर मात्र मागच्या गल्लीतल्या कारागिराला द्यावी. "म्हाताऱ्याचे हात थरथरतात" असे पसरवून त्याने माझी निम्मी गिऱ्हाइके पळवली. त्याने बनवलेली कवळी घालून माणूस मोठ्याने हसला, की ती समोरच्याच्या ताटात पडते. मोटर आठवड्यातून एकदा शॉक देते. हे त्याला आधी सांगू नये.

कलम ४. माझी स्वतःची कवळी, वरची व खालची, सुनेला. असल्या वस्तू फेकून देण्याची तिला हौस आहे. ही तिने स्वतःच्या हाताने फेकावी. दुसऱ्या कोणाला सांगू नये.

कलम ५. आता संगणक आणि त्यातील वॉलेट.

नऊ वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक यायचे. त्याला दात करकरा खायची सवय, म्हणून मी त्याचे नाव दातखाऊ ठेवले होते. त्याने मोडलेला पूर्ण संच मी तीनदा जोडून दिला. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा त्याने बारा साधे इंग्रजी शब्द लिहिलेला एक कागद हातात ठेवला. म्हणाला, "काका, हे इंटरनेटवरचं नाणं आहे. हे शब्द ज्याच्याकडे, नाणं त्याचं. हरवले की संपलं, कोणाकडे तक्रार नाही." मला फसवले असे समजून मी चरफडलो आणि कागद खणात टाकला. दोन वर्षांपूर्वी त्या नाण्याचा भाव पेपरात वाचला आणि खुर्चीत बसलो. आज त्यात हे घर दोनदा येईल.

त्याच सुमारास थोरल्याने ऑफिसातून काढून टाकलेला एक संगणक मला आणून दिला. त्यावर नेहमीची खिडक्यांची सिस्टिम नव्हती. कोणती तरी फुकटची होती, कोपऱ्यातले ओळखीचे बटणसुद्धा गायब. मी वॉलेट, म्हणजे ते नाणे ठेवायचा प्रोग्रॅम, डाउनलोड केला. त्यावर दोनदा क्लिक केले, चारदा केले. काहीच होईना. थोरला कॉम्प्युटरच्याच नोकरीत, म्हणून तो सुनेच्या माहेरी गेला होता तिथे त्याला फोन लावला.

"अरे, ही फाइल उघडत नाहीये."

"बाबा, त्या सिस्टिमवर तसं डबल क्लिकने चालत नाही."

"मग कसं चालतं? सांग, मी लिहून घेतो."

"तुम्हाला नाही जमणार. आणि ते नाणं-बिणं सगळं फ्रॉड असतं. डिलीट करा आणि झोपा."

त्याच्यापुढे मी दातांच्या कण्या केल्या. त्याने फोन ठेवला. पाठीमागे सून हसत होती, ते मला ऐकू आले.

मला अकरा दिवस लागले. फाइल अस्सल आहे की कोणी भेसळ केली, हे पाहायला बनवणाऱ्यांनी चौसष्ट अक्षर-आकड्यांची एक ओळ दिलेली असते. आपल्या फाइलची ओळ काढायची आणि ताडून पाहायची. मी पडद्याला स्टीलची पट्टी लावून एकेक अक्षर जुळवले, वरचा दात खालच्यावर बसतो की नाही ते पाहतात तसे. जुळले. तरीही फाइल उठेना. शेवटी सापडले. फाइलवर उजवे बटण दाबायचे, तिची माहिती उघडायची, त्यात परवानग्यांचे पान असते, त्यावर एक बारीकसा चौकोन: ही फाइल प्रोग्रॅम म्हणून चालू द्यावी. त्यात खूण केली आणि वॉलेट उघडले. त्या यंत्रात मालकाने हो म्हटल्याशिवाय बाहेरून आलेले काही चालत नाही. हा नियम या घरात फक्त त्या यंत्राला माहीत होता.

मी बारा शब्द भरले. दातखाऊ खोटे बोलला नव्हता. वॉलेटने पासवर्ड ठेवायला सांगितले, तेव्हा जे वाक्य डोक्यात घुमत होते तेच ठेवले. रोज सकाळी दहा वाजता मी वॉलेट उघडतो, पासवर्ड टाकतो, शब्द पडद्यावर आणून एकदा वाचतो आणि बंद करतो. थोरला तेव्हा तिथेच उभा राहून बुटाच्या नाड्या बांधतो.

कलम ६. त्या बारा शब्दांविषयी.

माझ्या कामाच्या खोलीत कागद टिकत नाही. पाणी, प्लास्टर, मेण. म्हणून मी ते शब्द माझ्या पद्धतीने ठेवले. तोंडाचे माप घेतले की त्यात प्लास्टर ओततात आणि जबड्याचे मॉडेल तयार होते. त्याच्या तळाशी गिऱ्हाइकाचा नंबर कोरायचा, ही आमची रीत. गिऱ्हाईक हयात असेपर्यंत मॉडेल टाकायचे नाही, हीसुद्धा रीत. खिडकीजवळच्या फळीवर माझ्या माणसांची बारा मॉडेल होती. मी प्रत्येकाच्या तळाशी एकेक शब्द कोरला आणि दातखाऊचा कागद जाळला. बँकेच्या लॉकरपेक्षा मला त्या फळीचा भरवसा होता. चूक तिथेच झाली.

पहिला शब्द माझ्या बायकोच्या जबड्याखाली होता. ती जाऊन सात वर्षे झाली. फोटोत ती कधी तोंड उघडून हसली नाही, कारण पुढच्या दोन दातांत फट होती आणि तिला तिची लाज वाटे. मी म्हणायचो, एका दिवसात बुजवून देतो. ती म्हणायची, "राहू दे, तुझ्या एवढ्या जबड्यांत माझा शोधायला सोपं." ती फट जगात फक्त त्या प्लास्टरमध्ये उरली होती. रोज दहा वाजता वॉलेट बंद केले की मी त्या फटीवरून अंगठ्याचे नख फिरवत असे. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

गेल्या महिन्यात मी सोळा दिवस दवाखान्यात होतो. तिथे छताकडे पाहता पाहता मी ठरवले की आता पुरे. घरी गेल्यावर थोरल्याला फळीसमोर बसवायचे, एकेक मॉडेल उलटे करून वाचायला लावायचे, त्यानेच वॉलेट उघडायचे, आणि सगळे त्याचे. त्याचा चेहरा कसा होईल याचा विचार करून मी एकटाच हसत होतो. नर्सने ताप पाहिला.

घरी आलो तर फळीवर चपला-बूट होते.

सून म्हणाली, "बाबा, किती छान जागा झाली बघा! लोक आले की त्या दातांची किळस यायची." थोरला म्हणाला, "साचेच तर होते." धाकटीला फोन केला, तर तीही तेच म्हणाली, "बाबा, साचेच ना ते?" भाऊ-बहिणीचे सहा वर्षांत एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झाले. झाडलोटीच्या बाईंनी मागाहून मला दाराशी गाठून सांगितले, की सिमेंटच्या गोणीत भरून फेकायला त्यांना दिले तेव्हा त्यांनी विचारले होते, "बाबांना विचारलंत का?" सून म्हणाली, "त्यांना काय कळतंय आता."

त्या गोणीत सुनेचा स्वतःचा जबडाही होता. नववा शब्द.

मी सगळ्यांना म्हणालो, "बरं केलंत, जागा झाली." त्यांना फार बरे वाटले. मी संडासात जाऊन नळ सोडला आणि रडलो.

कलम ७. बारा शब्द आजही संगणकात आहेत आणि माझ्या डोक्यात आहेत. या कागदावर त्यांना भरपूर जागा आहे. मी ते लिहीत नाही. आजपासून चाळीस दिवस मी रोज दहाला वॉलेट उघडीन. या मुदतीत माझ्या दोन मुलांपैकी किंवा सुनेपैकी कोणीही एकदा, एकदाच, "बाबा, रोज काय करता हो?" असे विचारले, तर मी हे मृत्युपत्र फाडीन आणि सर्व दाखवीन. ही अट त्यांना कळवलेली नाही. विचारपूस अट सांगून करवून घ्यायची नसते.

स्थळ: मागची खोली, फळीसमोर. दिनांक: तीन मार्च.
सही: कवळीवाला
साक्षीदार: १. दाताचे डॉक्टर २. कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले

पुरवणी

आज अडतिसावा दिवस. धाकटीचा या काळात एकदाही फोन आला नाही. सून दहा वाजता माझ्या मागून चारदा केर काढून गेली, पाय उचला म्हणाली. आज सकाळी मात्र थोरला बूट घालता घालता थांबला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाबा..."

वॉलेट उघडेच होते. मी खुर्ची थोडी बाजूला सरकवली, त्याला पडदा दिसावा म्हणून.

"बाबा, हे मशीन अजून लागतं का तुम्हाला? खाली भंगारवाला आलाय."

मी म्हणालो, "ने."

मी वॉलेट पुसून टाकले आणि यंत्र बंद केले. त्याने ते एका हाताने उचलून नेले आणि मिळालेल्या पैशांचे दूध-ब्रेड आणले. ब्रेड मीही खाल्ला.

तेव्हा कलम ५ मध्ये बदल असा: संगणक राहिला नाही, शब्द माझ्याबरोबर जातील. उरला पासवर्ड. तो आता कोणतेही कुलूप उघडत नाही, पण माझी मिळकत आहे आणि ती मी थोरल्याच्या नावे करतो. पासवर्ड असा: तुम्हाला नाही जमणार. सलग, इंग्रजी अक्षरांत.

खरे लिहायचे तर वाक्य त्याचे नाही. तो अकरा वर्षांचा असताना माझ्या बाकाशी आला, मेणात एक दात कोरून बघू का म्हणाला, आणि मी त्याच्या हातातून सुरी काढून घेतली. "तुला नाही जमणार." त्याची आई दारात उभी होती. ती त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. तो पुन्हा कधी या खोलीत काही विचारायला आला नाही. आज आला होता तो भंगारासाठी.

स्थळ: तेच. दिनांक: नऊ एप्रिल.
सही: कवळीवाला
साक्षीदार: १. दाताचे डॉक्टर २. कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले. त्यांनी सही करण्याआधी मला विचारले, "काका, ते शब्द आठवतात का अजून?" आठवतात. पहिला तर रोज आठवतो.