साहेबांची शाबासकी

संत तुकाराम नगर, पिंपरी
१७ नोव्हेंबर १९७६

आदरणीय लालमहंमदचाचांना कस्तुराचा जयभीम, खैरुन्निसाचाचींना सलाम.

तुम्ही निवृत्त होऊन सोलापूरला गेलात, तेव्हापासून पत्र लिहायचं राहूनच गेलं. चाचींचे गुडघे कसे आहेत? इकडे थंडी पडली आहे. आमचा विलास आयटीआय पास झाला. सासूबाईंना कमी ऐकू येतं, रेडिओ मोठ्यानं लावतात, म्हणून शेजारची चिमाबाई कुरकुरते. तुम्ही पाठवलेली चादर मिळाली. ह्यांना फार आवडली असती.

चाचा, मघापासून इकडचं तिकडचंच लिहिते आहे. हे गेले. दिवाळीआधी, कारखान्यात, प्रेस मशीनवरच. छातीत कळ आली, खाली बसले ते उठलेच नाहीत.

तुम्ही फोरमन होता तेव्हा हे घरी येऊन सांगायचे, "आज चाचा म्हणाले, किसन, आवाज बदलल्याबरोबर तू प्रेस थांबवलास, म्हणून अन्वरचा हात वाचला. बरं केलंस. आता बस, चहा घे." हे सांगताना तोंडावर केवढं समाधान असायचं!

तुमच्यामागून नवे साहेब आले. मनानं वाईट नव्हते. वार्षिक समारंभात ह्यांना हार घातला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "किसन माणूस नाही, मशीन आहे. कधी थकत नाही, कधी रजा मागत नाही. बाकीच्यांनी शिकावं." खूप टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवसापासून जेवायच्या सुट्टीत कुणी ह्यांच्याजवळ बसेना. अन्वरसुद्धा लांब जाऊन डबा खायचा. मला हे नंतर कळलं; ह्यांनी घरी सांगितलं नव्हतं. ओव्हरटाइम मात्र वाढला. छातीत दुखतंय म्हणाले तेव्हा मी म्हटलं, "अवो, चार दिवस रजा काढा. दवाखान्यात जाऊन येऊ." तर हसले. "मशीन कुठं रजा काढतं व्हय?"

शोकसभेत साहेब रडले, चाचा. खरंच रडले. म्हणाले, "कंपनीचं सगळ्यात भरवशाचं मशीन बंद पडलं." मी पदर तोंडाशी धरून बसले होते. कशी उठले कळलं नाही. म्हटलं, "साहेब, माझा माणूस गेलाय. आता तरी माणूस म्हणा." अन्वर हुंदके देत बाहेर निघून गेला. साहेबांनी हात जोडले.

आता विलासला ह्यांच्याच खात्यात घेतलंय. नको म्हणावंसं फार वाटलं, पण घर चालायला हवं. पोरगं मन लावून काम करतं. काल हात काळे करून आला आणि उभा राहिला, मी काही बोलेन म्हणून वाट बघत. मी नुसतं पाणी दिलं. चाचा, पोटच्या पोराला चांगलं म्हणायचीसुद्धा मला भीती वाटते.

त्याला शाबासकीच्या दोन ओळी लिहाल का? तुम्हाला बोलता येतं.

तुमच्या किसनच्या घरची,
कस्तुरा