अपुरी म्हणे!

वाशीम, सोमवार, २३ जानेवारी १९५६

शिक्षिकांच्या ट्रेनिंग वर्गात आज गुरुजींनी माझा निबंध सगळ्यांसमोर वाचला. विषय होता, बालविकासाच्या पायऱ्या आणि माझं बालपण. 'वय सहा ते आठ, खेळ' या मथळ्याखाली मी लिहिलं होतं: मळ्यात वांग्यांच्या वाफ्यांना पाणी वळवणं, धाकटी बहीण सुभद्रा कडेवर. त्यावर तांबड्या शाईची रेघ. म्हणाले, "हे काम झालं, खेळ नव्हे. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, ज्याची खेळाची पायरी हुकली त्याची वाढ अपुरी राहते. उद्या नीट लिहून आणा."

अपुरी! तेही भर वर्गात.

घरी येऊन विचारलं, "माय, मी लहानपणी खेळत होती का वं?"

माय मेथी निवडत होती. हसली. "तं नाही तं काय! पाण्याच्या पाटात पळसाचं पान सोडे अन् त्याच्यामांगं धावे. तुले हाका मारू मारू माहा घसा बसे."

ते पान मी विसरलेच होते. सुभद्रा कडेवर खिदळायची आणि पान पुढच्या वाफ्याशी पोचायच्या आत मी बांध फोडायची. यातलं काम कुठलं, खेळ कुठला? कंबर दुखायची, हेही खरं. लंगडी खेळणाऱ्या पोरींचा हेवा वाटायचा, तेही खरं. पण अपुरी? पुस्तक लिहिणाऱ्यानं पळसाचं पान कधी पाण्यात सोडलं नसेल, तर त्यात माझा काय दोष?

निबंध पुन्हा लिहिला. पाणी वळवण्याचं ते वाक्य मात्र 'खेळ' याच मथळ्याखाली तसंच ठेवलं. उद्या गुरुजींनी हातात घ्यायच्या आधी मीच उभी राहून वाचणार.