मागे कललेली नळकांडी

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग काही शिळा होत नाही. अजून तो दिवस समोर दिसतो: मी अकरा वर्षांचा आहे. पिंपरीच्या क्वार्टरमध्ये आई पोळ्या लाटतेय, आणि तुम्ही, टेक्निकल हायस्कूलचे ड्रॉइंग मास्तर, ओट्याशी माझा कागद धरून उभे आहात. पहिल्या महायुद्धातली, पाणसुरुंग पेरणारी जर्मन पाणबुडी. तुमच्या जाड पुस्तकातून तिचा छेद मी दोन दिवस खपून काढलाय. पोटात सुरुंगांची सहा नळकांडी. ती मागे कललेली हवीत, मी सरळ उभी काढली. ‘‘गाढवा, सोडलेला सुरुंग आपल्याच पोटाखाली येईल. चौदा माणसं मारलीस तू!’’ बाहेर काका-काकू बसलेले, त्यांना नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आई म्हणाली, ‘‘अहो, लेकरानं जीव ओतलाय त्यात.’’ ‘‘तू तव्याकडे बघ,’’ म्हणालात, मग तोच तवा बाजूला सारून कागद गॅसवर धरलात. दुसऱ्या दिवशी दप्तरावर नवी कंपासपेटी ठेवलीत. मी ती दहावीपर्यंत वापरली. लाज नव्हती मला.

आता मी जर्मनीत, डार्मश्टाटला नोकरी करतो. परवा लेकीला शाळेत रेफेराट द्यायचं होतं, वर्गासमोर उभं राहून विषय मांडायचा असतो तसं. त्यासाठी अशाच एका पाणबुडीची सगळी कारकीर्द वाचून काढली. तुकड्यातुकड्यांनी रेल्वेनं नेऊन बंदरात जोडलेली. ना टॉर्पेडो, ना तोफ. इंग्लंडच्या किनाऱ्याशी जायचं, बारा सुरुंग टाकायचे आणि गुपचूप परत यायचं. त्यावर कोण मेलं हे तिच्या खलाशांना बघायलाही मिळायचं नाही. तिनं बुडवलेल्यांच्या यादीत मासेमारीच्या होड्यासुद्धा आहेत. आणि ऐका बाबा, या जातीच्या काही पाणबुड्या स्वतःच्याच सुरुंगांनी उडाल्या. नळकांडी बरोब्बर कललेली असून! सुरुंग थोपवून धरणारी गुल्ली पाण्यात विरघळायची, ती कधी वेळेआधीच विरघळायची. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. मी टेबलावर हात आपटून हसलो. बायको म्हणाली, ‘‘अहो, माणसं मेलीत त्यात.’’ मेली तर मेली. तुम्ही चुकलात ना!

लेकही आता अकराची आहे. हा विषय तिनं माझ्यासाठी घेतला होता. तुमची गोष्ट मी तिला हसण्यावारी सांगितली होती, गॅसचा भाग गाळून. शनिवारी दुपारी मैत्रीण शेजारी बसलेली असताना तिनं मला चित्र दाखवलं. नळकांडी सरळ उभी. माझ्या अंगात तुम्ही आलात असं म्हणायची सोय आहे, पण तेवढाही मान तुम्हाला देणार नाही. मी जर्मनमध्ये म्हणालो, ‘‘चौदा माणसं मारलीस. बालवाडीतलं पोर बरं काढेल याहून.’’ मैत्रीण फिस्सकन हसली. लेक ‘‘लास मिश’’ म्हणाली, सोड मला, आणि चित्र घेऊन खोलीत गेली. सोमवारी रेफेराट चित्राशिवाय झालं. तेव्हापासून मी खोलीत पाऊल टाकलं की ती वही मिटते. काल सॉरी म्हटलं. मान वर न करता म्हणाली, ‘‘ओके, पापा.’’

बायकोला मी सांगितलंय की ऑफिसच्या सवयीनं तोंडातून जर्मन निघालं. तिला ते पटलंय. हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. लेकीशी मी घरात मराठीच बोलतो, रागावतानासुद्धा. त्या दिवशी जर्मन बोललो ते मैत्रिणीला समजावं म्हणून.